तवंग उपसणारी माणसे

समुद्रात तेल सांडले की काही आकडे फार लवकर हाती येतात. जहाजाच्या टाक्यांत किती टन तेल होते, त्यातले किती वाहून गेले, तवंग किती दूर पसरला, किती किलोमीटर किनारा काळा पडला आणि किती पक्षी मेले, हे सारे काही आठवड्यांत छापून येते. कारण यांपैकी प्रत्येक आकड्यामागे विमा कंपनीचा, न्यायालयाचा, मत्स्यखात्याचा किंवा एखाद्या पर्यावरण संस्थेचा हिशेब उभा असतो. ज्या माणसांनी ते तेल फावड्यांनी, बादल्यांनी आणि पुष्कळदा नुसत्या हातांनी उचलले त्यांची संख्या मात्र बहुतेक वेळा ‘हजारो’ या मोघम शब्दापलीकडे जात नाही आणि पाच वर्षांनंतर ती माणसे कशी आहेत, हा प्रश्न तर त्याहून क्वचित विचारला जातो. तेलगळतीनंतर सफाई करणाऱ्यांच्या प्रकृतीविषयी आज जे काही ठाऊक आहे, ते विषशास्त्राच्या प्रयोगशाळेइतकेच साध्या हजेरीपटावर अवलंबून राहिलेले आहे, कारण जिथे कामगारांची यादी होती तिथे काही कळले आणि जिथे ती नव्हती तिथे अंदाजच उरले.

कच्चे तेल हा एकच एक पदार्थ नव्हे. हजारो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण असते आणि त्यात थोडेफार गंधकाचे व धातूंचे अंशही असतात. या मिश्रणातील हलके घटक हवेत सहज उडून जातात, तर जड घटक महिनोन्‌महिने वाळूत आणि खडकांच्या फटींत टिकून राहतात. हलक्या घटकांत बेंझीन, टोल्युइन, इथाइलबेंझीन आणि झायलीन ही चार द्रव्ये आरोग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची होत. त्यांच्या वाफेने डोळे चुरचुरतात, डोके जड होते, चक्कर येते, मळमळते. आणि बेंझीनचा संसर्ग दीर्घकाळ राहिला तर अस्थिमज्जेतील रक्तनिर्मितीवर परिणाम होऊन रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे कारखान्यांतील कामगारांच्या अभ्यासांतून निर्विवादपणे सिद्ध झालेले आहे. ही द्रव्ये तेल पाण्यावर आल्यापासून काही तासांत ते काही दिवसांत बहुतांशी उडून जातात, त्यामुळे गळतीच्या उगमाजवळ पहिल्या दिवशी होडीतून काम करणारा माणूस आणि तीन आठवड्यांनी चाळीस किलोमीटरवरच्या किनाऱ्यावर काळा चिखल भरणारा माणूस हे एकाच दुर्घटनेतले असले, तरी त्यांच्या शरीरात जाणारे विष एकच नसते. तेलात गंधक अधिक असेल तर हायड्रोजन सल्फाइड हा सडक्या अंड्यांच्या वासाचा वायूही सुटतो. या वायूचा वास अगदी अल्प प्रमाणातही नाकाला कळतो, परंतु हवेतील प्रमाण दहा लाख भागांत शंभर भागांच्या आसपास गेले की घ्राणशक्तीच बधिर होते, म्हणजे धोका वाढतो त्याच क्षणी इशारा बंद पडतो.

मागे उरणाऱ्या जड भागात बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बने असतात. ‘सुगंधी’ हे येथे केवळ रसायनशास्त्रातील वर्गनाम आहे, सुवासाशी त्याचा संबंध नाही. बेंझीनची कडी ज्यांच्या रेणूंत दोनदा, तीनदा किंवा अधिक वेळा जोडलेली असते अशी ही संयुगे होत. त्यांतील सर्वांत साधे म्हणजे नॅफ्थलीन. मराठी घरांत कपाटातील कपड्यांत ठेवल्या जाणाऱ्या डांबरगोळ्या पूर्वी त्याच्याच असत आणि पावसाळ्याच्या तोंडावर गोव्याच्या किंवा कोकणच्या पुळणीवर वाहून येणाऱ्या तेलाच्या काळ्या गुठळ्यांनाही डांबरगोळेच म्हणतात, हा शब्दांचा योगायोग रसायनशास्त्राला धरूनच झाला आहे. या गटातील बेंझोपायरीनसारखी मोठी संयुगे कर्करोगजनक आहेत. त्यांचा दुसरा गुण कमी परिचित आहे: त्वचेवर बसलेली ही द्रव्ये सूर्यप्रकाशातील अतिनील किरण शोषतात आणि साध्या उन्हानेही कातडी भाजल्यासारखी लाल होऊन जळजळू लागते. किनाऱ्यावरील सफाई हे बहुधा भर उन्हातले काम असल्यामुळे हा त्रास पुष्कळांना होतो आणि पुष्कळदा तो ‘ऊन लागले’ एवढ्यावरच सोडून दिला जातो.

तेल शरीरात शिरण्याचा मार्ग म्हणून श्वासाचाच विचार आधी होतो, पण किनाऱ्यावर त्वचेचा मार्ग तितकाच मोठा असतो. केसांच्या मुळाशी तेल अडकून बारीक फोड येतात, बोटांच्या बेचक्यांत भेगा पडतात, आणि त्या भेगांतून पुढचे तेल अधिक सहज आत जाते. त्यात भर पडते ती कामानंतर हात धुण्याच्या पद्धतीची. घट्ट काळे तेल साबणाने निघत नाही म्हणून जगभरचे मच्छीमार आणि मेकॅनिक डिझेल किंवा रॉकेल घेऊन हात चोळतात. त्याने डाग जातो, परंतु कातडीचे नैसर्गिक स्निग्ध आवरणही जाते आणि हलक्या हायड्रोकार्बनांची नवी मात्रा थेट त्वचेला मिळते. खाद्यतेल चोळून मग साबण लावणे हा त्याहून पुष्कळ बरा उपाय आहे. हातमोज्यांच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. नैसर्गिक रबराचे पातळ मोजे तेलात फुगतात आणि झिरपतात, सुती मोजे तर तेल शोषून ते दिवसभर कातडीशी धरून ठेवतात; टिकतात ते नायट्राइलसारख्या कृत्रिम रबराचे. मास्कचेही तेच. कापडी किंवा शस्त्रक्रियेचा मास्क थेंब व धूळ काही प्रमाणात अडवतो, पण बेंझीनची वाफ त्यातून आरपार जाते. तिला अडवण्यासाठी सक्रियित कोळशाची डबी बसवलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा श्वसनयंत्राचा मुखवटाच लागतो. वृत्तपत्रांतील छायाचित्रांत पांढरा मास्क लावलेला स्वयंसेवक सुरक्षित दिसतो खरा, पण तो केवळ दिसतोच.

सफाईची पद्धतही धोका निर्माण करू शकते, याचे पहिले मोठे उदाहरण अलास्कात घडले. २४ मार्च १९८९ रोजी ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज प्रिन्स विल्यम साउंडमधील ब्लाय रीफ या खडकाळ उथळ भागावर चढले आणि सुमारे १ कोटी १० लाख गॅलन, म्हणजे अंदाजे ३७ हजार टन कच्चे तेल समुद्रात गेले. त्या उन्हाळ्यात सुमारे ११ हजार माणसे कामाला लावण्यात आली. खडकाळ किनारा साफ करण्यासाठी गरम पाण्याचे जोरदार फवारे मारण्याची पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिने खडक धुतले गेले, पण त्याचबरोबर तेलाचे अतिसूक्ष्म थेंब हवेत उडून धुक्यासारखे कामगारांच्या भोवती राहू लागले. जे जड तेल एरवी वाफ होऊन नाकात गेले नसते ते अशा रीतीने फुप्फुसापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली. तेल खाणाऱ्या जीवाणूंची वाढ व्हावी म्हणून फवारलेल्या खतातही २-ब्युटॉक्सिइथेनॉल हे रक्तपेशींना अपायकारक द्रावक होते. कामगारांत खोकला, घसादुखी, कफ यांचे प्रमाण इतके वाढले की या दुखण्याला तळांवर ‘वाल्डीझ क्रड’ असे नावच पडले. दाटीवाटीच्या निवासनौकांत पसरलेली ही विषाणूंची साथ आहे, असे कंपनीच्या बाजूने मानले गेले. हे तेलाच्या धुक्याचे फळ आहे, असे कामगारांचे वकील आणि काही संशोधक म्हणत राहिले. नुकसानभरपाईसाठी त्या वर्षी सुमारे १,८०० दावे नोंदले गेले. त्यांत पडणे, मुरगळणे, कापणे अशा इजा सर्वाधिक होत्या आणि त्यापाठोपाठ श्वसनाच्या तक्रारी होत्या. दोन्ही बाजूंपैकी कोणाचे खरे, हे ठरवण्याचा एकच मार्ग होता, तो म्हणजे या ११ हजार माणसांचा पुढे दहा-वीस वर्षे मागोवा घेणे. असा दीर्घकालीन अभ्यास कधी झालाच नाही. कंत्राट संपताच माणसे आपापल्या राज्यांत, आपापल्या होड्यांवर आणि धंद्यांवर परतली, आणि विसाव्या शतकातील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या तेलगळतीतून सफाई कामगारांच्या दीर्घकालीन प्रकृतीविषयी जवळजवळ काहीच शिकता आले नाही.

स्पेनच्या वायव्येकडील गॅलिसिया प्रांतात तेरा वर्षांनी वेगळे घडले, आणि ते का घडले हे पाहण्यासारखे आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘प्रेस्टिज’ हे जुने तेलवाहू जहाज वादळात फुटले, सहा दिवस किनाऱ्यापासून दूर दूर ओढले गेले आणि १९ नोव्हेंबरला दुभंगून बुडाले. त्यातून ६० हजार टनांहून अधिक जड इंधन तेल सांडले. हे आपल्याकडील फर्नेस ऑइलच्या जातीचे, शुद्धीकरणानंतर तळाशी उरणारे दाट तेल. गॅलिसियात त्याला ‘चापापोते’ म्हणतात. मासेमारीवर बंदी आली आणि ज्यांच्या होड्या बंद पडल्या तेच मच्छीमार होड्या घेऊन तेल उपसायला उतरले. पहिल्या दिवसांत अनेकांकडे ना मुखवटे होते ना योग्य मोजे. देशभरातून लाखो स्वयंसेवकही आले, परंतु ते काही दिवस राहून परत जात. मच्छीमार मात्र आठवडेच्या आठवडे राबत होते.

गॅलिसियातील मच्छीमार ‘कोफ्राडिया’ नावाच्या जुन्या सहकारी संघांत संघटित असतात आणि प्रत्येक संघाकडे सभासदांची नोंदवही असते. स्पेनमधील छातीरोगतज्ज्ञांना हीच वही कामी आली. त्यांनी दुर्घटनेनंतर साधारण एक ते दोन वर्षांनी ६,७८० मच्छीमारांकडून प्रश्नावली भरून घेतली. त्यांत सफाई केलेले होते तसेच न केलेलेही होते, त्यामुळे तुलना करणे शक्य झाले. सफाई केलेल्यांत खोकला, कफ, धाप आणि छातीतील घरघर यांचे प्रमाण अधिक आढळले, आणि जितके दिवस अधिक, दिवसाचे तास अधिक आणि कामाचे प्रकार अधिक, तितके लक्षणांचे प्रमाणही चढत गेले. वैद्यकशास्त्रात याला मात्रा-परिणाम संबंध म्हणतात आणि तो सापडला की ‘केवळ योगायोग’ हा आक्षेप पुष्कळ दुबळा होतो. पुढे, २०१० मध्ये, ५०१ सफाई केलेल्या आणि १७७ न केलेल्या मच्छीमारांच्या तपासण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उच्छ्‌वासातील बाष्प थंड करून मिळवलेल्या द्रवात फुप्फुसांवरील ताण दाखवणारी द्रव्ये पहिल्या गटात जास्त होती आणि रक्तातील लसीकापेशींच्या गुणसूत्रांतही अधिक बिघाड दिसले. गुणसूत्रांतील असा बिघाड म्हणजे कर्करोग नव्हे, आणि अनेकांत तो पुढे काहीही घडवत नाही. परंतु तेलाने पेशींच्या गाभ्यापर्यंत मजल मारली होती, एवढी साक्ष तो देतो. पाच वर्षांनंतरच्या पाहणीतही श्वसनाच्या तक्रारी सफाई केलेल्या मच्छीमारांत अधिकच राहिल्या होत्या.

पूर्वेकडील दोन दुर्घटना येथे ओझरत्या पाहिल्या तरी पुरे. जानेवारी १९९७ मध्ये ‘नाखोदका’ हे रशियन जहाज जपानच्या समुद्रात फुटले तेव्हा कडाक्याच्या थंडीत गावकरी आणि स्वयंसेवक लांब दांड्याच्या पळ्यांनी तेल उपसत होते. त्या कामात काही स्वयंसेवक दगावले, आणि त्यामागे तेलाच्या विषापेक्षा थंडी व अतिश्रम यांचा हात अधिक होता. डिसेंबर २००७ मध्ये दक्षिण कोरियातील तेआनजवळ ‘हेबेई स्पिरिट’ या जहाजावर एक क्रेनवाहू तराफा आदळला आणि १० हजार टनांहून अधिक कच्चे तेल सांडले, तेव्हा दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक किनाऱ्यावर लोटले. हे राष्ट्रीय एकजुटीचे प्रतीक म्हणून गाजले. परंतु त्यांत कोणत्याही प्रशिक्षणाविना आलेले असंख्य लोक होते, आणि एका दिवसासाठी आलेला विद्यार्थी व महिनाभर राबलेली स्थानिक कोळीण यांच्या धोक्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते, हे त्या उत्साहात बाजूला पडले.

या विषयावरील सर्वांत मोठा अभ्यास मेक्सिकोच्या आखातातून आला. २० एप्रिल २०१० रोजी ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटावर स्फोट होऊन ११ कामगार ठार झाले आणि समुद्रतळावरील विहीर ८७ दिवस वाहत राहिली. सरकारी अंदाजानुसार त्यातून सुमारे ४९ लाख बॅरल तेल बाहेर पडले. तवंग फोडून त्याचे बारीक थेंब पाण्यात विखुरणारी डिस्पर्संट नावाची रसायने सुमारे ७० लाख लिटर वापरली गेली, आणि पाण्यावर गोळा केलेले तेल ४११ वेळा जागीच पेटवण्यात आले, ज्यातून काजळीचे सूक्ष्म कण हवेत गेले. आखाताच्या काठची कोळंबी पकडणारी माणसे, त्यांत व्हिएतनामहून आलेल्या कुटुंबांतलीही बरीच, आपल्याच होड्या भाड्याने देऊन तवंग अडवायला गेली. किनारा साफ करणाऱ्यांना काम सुरू करण्यापूर्वी जे प्रशिक्षण दिले गेले ते चार तासांचे होते.

या सफाईत सर्वांत अधिक माणसांना ज्याने आडवे केले ते रसायन नव्हते, ऊन होते. लुइझियानाच्या दमट उन्हाळ्यात अंगभर बंद पोशाख, रबरी बूट आणि मोजे घालून वाळू उपसणाऱ्याच्या शरीराला घाम सुकवून थंड होण्याची सोयच राहत नाही. त्यामुळे अनेक ठिकाणी भर दुपारच्या तासात कामाच्या मिनिटांपेक्षा विश्रांतीची मिनिटे अधिक ठेवावी लागली. या एका गोष्टीमुळे संरक्षणाचा सगळा हिशेबच अवघड होतो. श्वसनाचा मुखवटा लावला की वाफ अडते, पण श्वास घेण्याचे कष्ट आणि उष्णतेचा ताण वाढतो. न लावला तर उष्णता सुसह्य होते, पण वाफ आत जाते. हवेचे नमुने कायदेशीर मर्यादेच्या खाली आहेत, असे सांगून किनाऱ्यावरील बहुतेकांना मुखवटे दिले गेले नाहीत, आणि त्या निर्णयावर पुढे बराच वाद झाला. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, परंतु ज्या मर्यादेचा आधार घेतला गेला ती मर्यादाच नीट पाहिली पाहिजे. अमेरिकेत बेंझीनसाठी कायद्याची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने हवेच्या दहा लाख भागांत एक भाग अशी आहे, तर तिथल्याच व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची, नायोशची, शिफारस त्याच्या एक दशांशाची आहे. शिवाय या मर्यादा कारखान्यातील आठ तासांची पाळी, आठवड्याची सुटी आणि एका वेळी एकच द्रव्य अशा जगासाठी आखलेल्या आहेत. बारा-बारा तास, सुटीविना आठवडेच्या आठवडे, तेल, धूर आणि डिस्पर्संट यांच्या मिश्रणात उभ्या असलेल्या माणसासाठी त्या आखलेल्या नाहीत. ‘मर्यादेच्या आत’ हे विधान त्यामुळे खोटे नसते, पण ते दुसऱ्याच कामगाराविषयीचे असते.

आखातातील दुर्घटनेचे वेगळेपण असे की पहिल्याच आठवड्यांत नायोशने कामगारांची नोंदवही सुरू केली आणि तीत ५५ हजारांहून अधिक नावे आली. प्रशिक्षण घेतलेल्यांच्या, ओळखपत्रे मिळालेल्यांच्या अशा आणखीही याद्या होत्या. त्यांच्या आधारे पर्यावरणीय आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०११ मध्ये ‘गल्फ स्टडी’ सुरू केला आणि ३२,६०८ जणांना त्यात नोंदवले. ११ हजारांहून अधिक जणांच्या घरी जाऊन रक्तदाब, फुप्फुसांची क्षमता आणि रक्ताचे नमुने घेतले गेले. या अभ्यासाची खरी चतुराई तुलनागटात आहे. सफाईसारखे अंगमेहनतीचे काम मुळात धडधाकट माणसेच पत्करतात, त्यामुळे त्यांची तुलना सर्वसामान्य जनतेशी केली तर कामगार नेहमीच अधिक निरोगी दिसतात आणि कामाचे दुष्परिणाम त्या आड लपून जातात. साथरोगशास्त्रात याला निरोगी कामगाराचा परिणाम म्हणतात. हे टाळण्यासाठी संशोधकांनी प्रशिक्षण घेऊनही प्रत्यक्ष कामावर न गेलेल्यांना तुलनेसाठी निवडले. कोणाला किती संसर्ग झाला असावा याचा अंदाज मात्र कामाच्या वर्णनावरून आणि कामगारांच्या अंगावर लावलेल्या उपकरणांनी गोळा केलेल्या सुमारे २८ हजार हवेच्या नमुन्यांवरून बांधावा लागला.

निष्कर्ष सरसकट भयावह निघाले नाहीत, आणि म्हणूनच ते अधिक विश्वसनीय वाटतात. सफाई केलेल्या सर्वांची मिळून फुप्फुसांची क्षमता घटलेली आढळली नाही; तेलाने माखलेल्या होड्या व साधने धुण्याच्या कामावर असलेल्यांत ती कमी दिसली, आणि अधिक संसर्ग झालेल्यांची क्षमता पुढील काही वर्षांत काही प्रमाणात भरूनही आली. परंतु गळतीनंतरच्या एक ते तीन वर्षांत दम्याचे निदान किंवा दम्यासारखी लक्षणे सफाई कामगारांत, काम न केलेल्यांपेक्षा सुमारे ६० टक्क्यांनी अधिक होती. डिस्पर्संटशी संबंध आल्याचे सांगणाऱ्यांत खोकला, घरघर व डोळ्यांची जळजळ अधिक होती. हृदयविकाराचे निष्कर्ष तर अनपेक्षितच म्हणावे लागतील: ज्यांना उष्णतेच्या त्रासामुळे काम थांबवावे लागले होते त्यांच्यात पुढील पाच वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा त्याने मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळले. उष्णतेने हृदयाला इजा केली, की आधीच कमजोर हृदयाने उष्णतेत प्रथम हार मानली, हे अशा अभ्यासातून वेगळे करता येत नाही. अलाबामाच्या किनाऱ्यावरील डांबरगोळ्यांत व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा जखमेतून शिरणारा, क्वचित पण प्राणघातक ठरणारा जीवाणू आजूबाजूच्या वाळूपेक्षा दहा पट आढळला होता. जुने, घट्ट झालेले तेल निरुपद्रवी असते, ही समजूत त्याने पुरती खोटी ठरवली.

मनावरील परिणाम मोजणे त्यामानाने सोपे ठरले आहे. अलास्कातील १३ वस्त्यांत गळतीनंतर वर्षभराने लॉरेन्स पॅलिंकास व सहकाऱ्यांनी केलेल्या पाहणीत, गळती व सफाई यांच्याशी सर्वाधिक संबंध आलेल्यांत चिंताविकाराचे प्रमाण संबंध न आलेल्यांच्या ३.६ पट आणि आघातोत्तर ताणविकाराचे २.९ पट होते. ज्याची उपजीविका त्या पाण्यावर आहे आणि जो तेच पाणी रोजंदारीवर साफ करतो आहे, त्याच्या बाबतीत कामाचा ताण आणि नुकसानीचा ताण एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत; आणि तशी फारशी गरजही नाही.

न्यायालयात मात्र वेगळे काढावेच लागते. आखातातील कामगारांसाठी झालेल्या सामूहिक तडजोडीत लवकर दिसलेल्या आजारांसाठी ठरावीक भरपाई होती, पण पुढे उद्भवलेल्या आजारांसाठी प्रत्येकाने स्वतंत्र दावा करून, कोणत्या द्रव्याच्या किती मात्रेने आजार झाला हे सिद्ध करायचे होते. असे बहुसंख्य दावे पुराव्याअभावी टिकले नाहीत. गटाच्या पातळीवर दिसणारा साठ टक्क्यांचा फरक एका माणसाच्या छातीत बोट दाखवून सिद्ध करता येत नाही, आणि कोणत्या दिवशी किती वाफ आत गेली याचा कागद त्या माणसाकडे कधीच नसतो.

भारताच्या किनाऱ्यावर हे प्रश्न परके नाहीत. आखातातील विहीर बंद होऊन महिनाही झाला नव्हता, तोच ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. ‘चित्रा’तून सुमारे ८०० टन इंधन तेल सांडले आणि कीटकनाशकांसारखा धोकादायक माल भरलेले काही कंटेनरही समुद्रात पडले, त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावर तेल आणि अनोळखी रसायने असा दुहेरी धोका उभा राहिला. भर पावसाळ्यात खारफुटीच्या मुळांत अडकलेले तेल यंत्राने निघत नाही. ते माणसालाच चिखलात उतरून काढावे लागते. चेन्नईजवळील एन्नोर येथे २८ जानेवारी २०१७ रोजी दोन जहाजांच्या टकरीनंतर घट्ट झालेले तेल ओढताना पंप अडले आणि मच्छीमार, विद्यार्थी व तटरक्षक दलाचे जवान यांनी ते बादल्यांनी उपसले. त्याच एन्नोरच्या खाडीत डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुराबरोबर तेल पसरले, तेव्हा स्थानिक मच्छीमार पुन्हा मग आणि बादल्या घेऊन होड्यांत बसले होते. तेलगळतीसाठीची राष्ट्रीय योजना देशात १९९६ पासून आहे. समुद्रावरील कारवाईचे समन्वयन तटरक्षक दलाकडे आणि किनाऱ्याच्या सफाईची जबाबदारी मुख्यतः किनारी राज्यांकडे, अशी तीत विभागणी आहे. व्यवहारात किनाऱ्यावरचे काम ज्याच्या हाती फावडे आहे त्याच्याकडे येते, म्हणजे कंत्राटदाराच्या रोजंदारीवरील मजुराकडे, नगरपालिकेच्या सफाई कामगाराकडे आणि ज्याची जाळी काळी झाली त्या कोळ्याकडे. गोव्यात दरवर्षी पावसाळ्याच्या सुमारास येणारे डांबरगोळे उचलणारेही हेच हात असतात. कोणाच्याही लेखी ती दुर्घटना नसते, म्हणून त्यांचा संसर्ग वर्षागणिक साठत जात असला तरी तो कोणत्याही अभ्यासात येत नाही.

यादी करण्याइतकेच निकडीचे दुसरे एक काम आहे आणि त्याला यादीइतकाही वेळ मिळत नाही. शरीरात गेलेल्या बेंझीनचे यकृतात रूपांतर होऊन तयार होणारी द्रव्ये मूत्रातून बाहेर पडतात, आणि त्यांच्या प्रमाणावरून त्या दिवशी किती बेंझीन आत गेले याचा बराच नेमका अंदाज येतो. ही द्रव्ये साधारण पाच ते नऊ तासांत निम्मी होतात. म्हणून नमुना पाळी संपता संपता, किनाऱ्यावरच, बाटलीत घ्यावा लागतो. त्याच माणसाचा आधीचा नमुना, म्हणजे तेलाला हात लावण्यापूर्वीची पायारेषा, असेल तर उत्तमच. दोन दिवसांनी आरोग्य शिबिर भरवून घेतलेल्या बाटलीत तेलाचा मागमूस उरलेला नसतो. तंबाखूच्या धुरातही बेंझीन असल्यामुळे त्या बाटलीत दिसते ती फक्त सकाळी ओढलेली बिडी.